तात्पुरत्या सायकल मार्गिकेमुळे रस्त्यावरची कोंडी खरोखर वाढते का?

नीलाक्षी_हॅमरस्मिथ (प्रश्न)

मी २०१४ पासून लंडनच्या पश्चिम भागात, हॅमरस्मिथला राहते आणि औषधांच्या दुकानात काम करते. माझी रोजची बस ९ क्रमांकाची आहे आणि ती केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरून जाते. २०२० च्या शरदात या रस्त्यावर दोन्ही बाजूंना तात्पुरती सायकल मार्गिका करण्यात आली. रस्ता खोदला नाही, फरसबंदी बदलली नाही. डांबरावर रेषा आखून त्यावर प्लास्टिकचे लवचिक खांब ओळीने बसवले, एवढेच काम होते. करोनाच्या साथीमुळे लोक भुयारी रेल्वे टाळत होते आणि ते सगळे मोटारीत बसले तर शहर ठप्प होईल, या भीतीने सरकारने त्या वर्षी मे महिन्यात अशा मार्गिकांसाठी तातडीचा निधी जाहीर केला होता.

ही मार्गिका जेमतेम सात आठवडे टिकली. तिच्यामुळे वाहतूक तुंबते आणि दुकानांचे नुकसान होते, अशा तक्रारी आल्यानंतर स्थानिक बरो कौन्सिलने २ डिसेंबरला ती काढायला सुरुवात केली. आंदोलकांनी त्या रात्री काम अडवले, परंतु पुढच्या काही दिवसांत खांब गेलेच. मार्च २०२१ मध्ये कौन्सिलने ती मार्गिका पुन्हा न बसवण्याचा निर्णय घेतला.

त्या दिवसांत मी बसच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेपाशी बसत असे. एक सकाळ माझ्या नीट लक्षात आहे. डावीकडे खांबांच्या आतून सायकली सुळसुळत जात होत्या आणि आमची बस एका जागी उभी होती. मान उंचावून पाहिले तेव्हा दिसले की पुढे दुसरी बस थांब्यावर उतारू घेत होती आणि तिला वळसा घालून जायला जागा नसल्याने मागे मोटारींची रांग लागली होती. त्या वेळी माझे मत झाले की कोंडी मार्गिकेमुळेच झाली आहे. खांब काढल्यावर मात्र त्याच जागी माल उतरवणाऱ्या गाड्या आणि मोटारी उभ्या राहू लागल्या आणि आमची बस पूर्वीसारखीच रखडत राहिली.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण असे की माझा धाकटा भाऊ पुण्यात कोथरूडला राहतो. त्यांच्या भागातील एका रस्त्यावर सहा महिन्यांसाठी अशी मार्गिका करून पाहावी, असे काही रहिवाशांचे म्हणणे आहे आणि बाकीच्यांचा त्याला कडाडून विरोध आहे. त्याने मला विचारले, "ताई, तुमच्याकडे कोंडी झाली म्हणूनच काढली ना?" मला प्रामाणिकपणे उत्तर देता आले नाही. वाहतुकीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी किंवा दुसऱ्या शहरात असा प्रयोग जवळून पाहिलेल्यांनी कृपया लिहावे. मार्गिकेमुळे वाहतूक मंदावते की नाही, हे मुळात ठरवतात कसे?

थांबरेषा (प्रतिसाद)

नीलाक्षीताई, आपण पाहिलेले दृश्य फार मोलाचे आहे, कारण तक्रार करणारे बहुतेक लोक केवळ "मार्गिका आली आणि गाड्या थांबल्या" एवढेच सांगतात. गाडी नेमकी कशामागे थांबली, ते सहसा कोणी पाहत नाही. मी सिग्नलच्या वेळा बसवण्याच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

शहरातील रस्त्याची क्षमता दोन चौकांमधल्या रुंदीवर ठरत नाही, ती चौकातल्या थांबरेषेवर ठरते. समजा, सिग्नलचे आवर्तन ९० सेकंदांचे आहे आणि त्यात आपल्या रस्त्याला ४० सेकंद हिरवा दिवा मिळतो. हिरव्या दिव्यात एका मार्गिकेतून साधारणपणे दर २ सेकंदांना एक मोटार सुटते, म्हणजे ४० सेकंदांत २०, आणि दोन मार्गिका असतील तर ४०. तासात अशी ४० आवर्तने होतात, तेव्हा चौक तासाला १,६०० मोटारी पुढे सोडतो. आता दोन चौकांमधला सलग पट्टा पाहा. तिथे लाल दिवा नसल्याने, त्याच दर २ सेकंदांच्या हिशेबाने, एकच मार्गिका तासाला १,८०० मोटारी नेऊ शकते. याचा अर्थ असा की मधल्या पट्ट्यात एक मार्गिका सायकलींना दिली आणि थांबरेषेपाशी दोन मार्गिका कायम ठेवल्या, तर कागदावर तरी चौकाची क्षमता कमी होत नाही. त्यासाठी थांबरेषेच्या मागे किती अंतर दोन मार्गिका हव्यात, तेही याच हिशेबातून निघते: एका हिरव्या दिव्यात सुटणाऱ्या २० मोटारी, रांगेत प्रत्येकीला सुमारे ६ मीटर, म्हणजे १२० मीटर. तेवढ्या अंतरात सायकलींसाठी निराळी सोय करावी लागते आणि खरी कठीण रचना तिथेच असते, कारण सायकलस्वारांचे अपघात चौकांपाशीच अधिक होतात. खांब थेट थांबरेषेपर्यंत नेले आणि सिग्नलच्या वेळा तशाच ठेवल्या, तर मात्र क्षमता १,६०० वरून ८०० वर येईल आणि कोंडी झाल्याशिवाय राहणार नाही.

आता आपल्या बसकडे येतो. उरलेल्या एकाच मार्गिकेत बस थांबत असेल, तर वरचा हिशेब बिघडतो. या रस्त्यावरून ९, २७, २८ आणि ४९ अशा अनेक बस जातात. उदाहरणादाखल तासाला ४० बस आणि प्रत्येकीचा थांबा २० सेकंदांचा धरू या. मार्गिका तासातील ८०० सेकंद, म्हणजे २२ टक्के वेळ, बंद राहिली. १,८०० चे १,४०० झाले आणि हा आकडा चौकाच्या १,६०० पेक्षा कमी आहे. तेव्हा आपल्याला जे वाटले ते सर्वस्वी चूक नव्हते. कोंडीचे मूळ मात्र सायकलींसाठी दिलेल्या जागेत नसून बसथांब्याच्या मांडणीत असण्याची शक्यता अधिक आहे. थांब्यापाशी मागच्या गाड्यांना पुढे निघता येईल एवढी जागा सोडली, तर सायकल मार्गिका तशीच ठेवूनही हा अडथळा दूर करता येतो. अशा दुरुस्तीला खांब चार हात इकडेतिकडे सरकवावे लागतात, आणि तात्पुरत्या मार्गिकेचा सर्वांत मोठा फायदा तोच असतो. सात आठवड्यांत ती दुरुस्ती करायला सवड मिळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी गोष्ट तुलनेची. ते सात आठवडे आठवून पाहा. ५ नोव्हेंबर ते २ डिसेंबर २०२० या काळात इंग्लंडमध्ये दुसरी टाळेबंदी होती, म्हणजे मार्गिकेच्या आयुष्यातील निम्म्याहून अधिक काळ अत्यावश्यक सोडून बाकीची दुकाने आणि उपाहारगृहे बंद होती. आणि ज्या दिवशी टाळेबंदी उठली त्याच दिवशी खांब काढायला घेतले. तुमच्याच भागातला हॅमरस्मिथ पूल एप्रिल २०१९ पासून मोटारींना बंद होता आणि ऑगस्ट २०२० मध्ये तो पादचाऱ्यांना आणि सायकलींनाही बंद झाला, त्यामुळे नदी ओलांडणारी वाहने आधीच दुसऱ्या वाटांनी फिरत होती. मध्य लंडनमध्ये मोटार नेण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या कोंडीशुल्काचा दर आणि वेळ जून २०२० मध्येच वाढवली होती. इतक्या गोष्टी एकाच वेळी बदलत असताना "आधी" आणि "नंतर" एवढीच तुलना करून मार्गिकेला दोषी किंवा निर्दोष ठरवणे शास्त्राला धरून होणार नाही. शेजारचे समांतर रस्ते, उदाहरणार्थ हॉलंड पार्क ॲव्हेन्यू आणि क्रॉमवेल रोड, त्याच आठवड्यांत किती मंदावले होते, हे बाजूला मांडले तरच केन्सिंग्टन हाय स्ट्रीटचा स्वतःचा फरक दिसेल. लंडनच्या प्रत्येक बसमध्ये ती कुठे आहे याची नोंद करणारी यंत्रणा असते, म्हणून बसच्या वेळा हे त्यासाठी हाताशी असलेले सर्वांत विश्वासाचे माप आहे.

श्प्रेकाठी (प्रतिसाद)

मी बर्लिनला राहतो आणि इथल्या मार्गिका पहिल्या दिवसापासून पाहत आलो आहे, म्हणून इथला अनुभव लिहितो. २०२० च्या मार्च महिन्यात कोलंबियातील बोगोटा शहराने मोटारींच्या मार्गिकांवर शंकू ठेवून सायकलींना जागा करून दिली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आमच्या क्रॉयत्सबेर्ग भागात हालेशेस उफर या रस्त्यावर पिवळ्या रेषा आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे बांधकामाचे फलक लावून पहिली मार्गिका तयार झाली. रस्त्याच्या कामासाठी वाहतूक वळवताना जे सामान वापरतात, तेच इथे कामी आले. बर्लिनमध्ये अशा मार्गिकेचा खर्च किलोमीटरला साधारण साडेनऊ हजार युरो इतका कमी होता.

माझ्या घराजवळचा रस्ता कोट्टबुसर डाम हा आहे आणि त्याचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. सायकल मार्गिका येण्यापूर्वी तिथे मोटारींसाठी प्रत्येक दिशेला दोन मार्गिका आहेत असे नकाशात दिसे. प्रत्यक्षात उजवीकडच्या मार्गिकेत दिवसभर कोणीतरी गाडी उभी करून ठेवलेले असे: पार्सलवाला, भाजीची पेटी उतरवणारा दुकानदार, "दोन मिनिटांत आलो" म्हणून बेकरीत शिरलेला मोटारवाला. चालू वाहतूक एकाच मार्गिकेतून होत असे, आणि सायकलस्वाराला या उभ्या गाड्यांना वळसा घालत मागून येणाऱ्या मोटारींच्या पुढ्यात यावे लागे. एप्रिल २०२० मध्ये मार्गिका आली तेव्हा सायकलींना मिळालेली जागा मुख्यतः या उभ्या गाड्यांची होती. म्हणून रस्त्याची क्षमता निम्म्यावर आली, असे मला तरी कधी जाणवले नाही. नीलाक्षीताई, खांब काढल्यावर तुमच्याकडे त्याच जागी गाड्या उभ्या राहू लागल्या असे तुम्ही लिहिले आहे. ते वाचून मला आमचा जुना कोट्टबुसर डाम डोळ्यांसमोर आला.

मोजमापाविषयी थोडे. सेबास्टियान क्राउस आणि निकोलास कॉख या दोन संशोधकांनी युरोपातील १०६ शहरांतील सायकलमोजणी यंत्रांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. तात्पुरत्या मार्गिका करणाऱ्या शहरांत मार्च ते जुलै २०२० या काळात सायकलींची वाहतूक, अशा मार्गिका न करणाऱ्या शहरांच्या तुलनेत, ११ ते ४८ टक्के वाढली होती. कोट्टबुसर डामवर हवेचीही मोजणी झाली आणि पॉट्सडामच्या संशोधकांना असे आढळले की सायकलस्वारांच्या श्वासात जाणारा नायट्रोजन डायऑक्साइड २२ टक्क्यांनी घटला. याचे एक साधे कारण असे की सायकलस्वार धुराच्या नळीपासून काही हात दूर सरकला. मात्र ही दोन्ही मापे सायकलींची आहेत. सायकली वाढल्या म्हणून मोटारींचा वेग आपोआप टिकला, असे त्यांतून सिद्ध होत नाही, आणि आपल्या बाजूचे लोकही पुष्कळदा ही गल्लत करतात.

इथे प्रकरण न्यायालयात गेले, हेही सांगायला हवे. सप्टेंबर २०२० मध्ये प्रशासकीय न्यायालयाने आठ मार्गिका बेकायदा ठरवल्या. साथ चालू आहे हे कारण पुरेसे नाही, त्या त्या रस्त्यावर सायकलस्वारांना धोका आहे हे शहराने दाखवले पाहिजे, असा न्यायालयाचा मुद्दा होता. शहराने मग अपघातांचे आणि वाहनसंख्येचे आकडे वरच्या न्यायालयापुढे ठेवले. ऑक्टोबरमध्ये त्या निकालाला स्थगिती मिळाली आणि जानेवारी २०२१ मध्ये तो रद्द झाला. मार्गिका जागेवर राहिल्या. माझ्या दृष्टीने इथला आणि लंडनचा मोठा फरक हाच आहे: आमच्याकडे विरोध झाला तेव्हा शहराला आकडे गोळा करावे लागले आणि ते गोळा होईपर्यंत खांब हलले नाहीत.

जयंत_ईलिंग (प्रतिसाद)

वरील तिन्ही प्रतिक्रिया वाचल्या. मला सायकलींचा राग नाही, माझी मुलगी सायकलनेच कॉलेजला जाते. पण दुसरी बाजूही मांडली जावी असे वाटते. मी विजेची कामे करतो. माझ्या व्हॅनमध्ये शिडी, तारांची वेटोळी आणि जवळजवळ माझ्याच वजनाची हत्यारे असतात, आणि ती सायकलवरून नेता येत नाहीत. त्या शरदात केन्सिंग्टनमध्ये माझी दोन कामे चालू होती. हाय स्ट्रीटवर थांबायला जागा मिळेना, म्हणून मी मागच्या गल्ल्यांत शिरायचो, तिथेही फक्त रहिवाशांनाच परवानगी असल्याने पुन्हा बाहेर यायचो आणि तीच प्रदक्षिणा दोनतीनदा करायचो. माझी ही फेरी कोणत्या मोजणीत आली असेल? हाय स्ट्रीटवर गाड्या कमी दिसल्या असतील, पण त्यांतली एक तरी मागच्या शाळेच्या रस्त्याने फिरत होती.

दुसरी गोष्ट म्हाताऱ्या माणसांची. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांना टॅक्सीतून उतरताना पदपथाच्या कडेचा आधार लागतो. मध्ये सायकलींचा पट्टा आला की त्यांना रस्त्यात उतरून, सायकली चुकवत, मग पदपथ चढावा लागतो. तासाला किती माणसे गेली या आकड्यात असा माणूस दिसत नाही. मार्गिका करणाऱ्यांनी आधी रस्त्याच्या कडेला दिवसभर कोण कोण थांबते, कशासाठी आणि किती वेळ थांबते, हे एकदा उभे राहून पाहायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

थांबरेषा (प्रतिसाद)

जयंतराव, आपल्या दोन्ही मुद्द्यांशी मी सहमत आहे, आणि पहिला तर आमच्या क्षेत्रात फार जुना आहे. रस्त्याची जागा कमी केल्यावर वाहने कुठे जातात, याचा शोध सॅली केर्न्स, स्टीफन ॲटकिन्स आणि फिल गुडविन यांनी ११ देशांतील ७० उदाहरणे घेऊन केला होता आणि २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बदललेला रस्ता आणि त्याच्या आसपासचे रस्ते एकत्र मोजले, तर निम्म्या ठिकाणी एकूण वाहनसंख्येत ११ टक्क्यांहून अधिक घट झाली होती. लोकांनी काही फेऱ्या एकत्र केल्या, काहींनी वेळ बदलली, काही बसने किंवा पायी गेले. पण "निम्म्या ठिकाणी" याचा अर्थ उरलेल्या निम्म्या ठिकाणी घट त्याहून कमी होती, आणि काही जागी ती झालीच नाही. शिवाय लोकांनी सवय बदलायला महिने लागतात. पहिल्या काही आठवड्यांत चालक जुन्याच वाटेने येतो, अडकतो, चिडतो, मग गल्ली शोधतो. आपण जे भोगले ते त्या टप्प्याचे चित्र आहे. म्हणून मोजणी फक्त मार्गिकेच्या रस्त्यावर करून भागत नाही. मागच्या गल्ल्यांच्या तोंडाशीही माणसे उभी करावी लागतात आणि सहाव्या आठवड्याला जे दिसले ते सहाव्या महिन्यालाही दिसते का, हे पाहावे लागते.

रस्त्याच्या कडेबद्दल आपण म्हणता ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. माल उतरवण्याची ठरावीक जागा आणि टॅक्सी थांबवण्याची जागा प्रत्येक टापूत राखून ठेवली नाही, तर व्हॅन थांबायची तिथे थांबतेच, फक्त आता ती एकुलत्या एका चालू मार्गिकेत थांबते.

बेळंदूरकर (प्रतिसाद)

मूळ प्रश्न पुण्यासाठी आहे, म्हणून बंगळूरचा अनुभव सांगतो. मी मूळचा सांगलीचा, पण नोकरीमुळे बारा वर्षे बेळंदूरला आहे. २०२० मध्ये आमच्या आउटर रिंग रोडवर सिल्क बोर्ड चौकापासून सुमारे १७ किलोमीटरची तात्पुरती सायकल मार्गिका केली होती. याच रस्त्यावर त्याआधीच्या वर्षी बससाठी राखीव मार्गिका केली होती आणि तिला लोकांचा प्रतिसादही चांगला होता. लंडन-बर्लिनमध्ये मार्गिकेचे भांडण सायकल आणि मोटार यांच्यात आहे. आपल्याकडे मध्ये दुचाकी येते, आणि तिने सगळे चित्र बदलते.

रोज सकाळी मी ज्या जोडरस्त्यावरून मुख्य रस्त्याला लागायचो, तिथे सुरुवातीला चार खांब होते. पहिल्या पंधरवड्यात एक खांब वाकला, मग तो मुळापासून उखडला, आणि त्या फटीतून स्कूटर आत शिरू लागल्या. एक गेली की मागून दहा. सायकलस्वाराच्या मागे हॉर्न वाजवत मोटारसायकली येऊ लागल्या तेव्हा मी स्वतः पुन्हा कडेच्या सेवारस्त्याने जाऊ लागलो. म्हणजे मार्गिका तर होती, तिच्यामुळे मोटारींची जागाही कमी झाली होती, पण सायकलींना त्याचा लाभ मिळत नव्हता. अशा स्थितीत कोणी मोजणी केली असती, तर "जागा गेली आणि सायकली वाढल्या नाहीत" असाच निष्कर्ष निघाला असता. पुढे मेट्रोच्या खांबांचे काम सुरू झाले आणि बसची व सायकलींची अशा दोन्ही मार्गिका त्यात गेल्या.

थांबरेषा यांना एक विचारायचे आहे. आपण वर केलेला हिशेब मोटारींच्या रांगेचा आहे. पुण्यात तर निम्म्याहून अधिक गाड्या दुचाकी असतात आणि त्या एका रांगेत उभ्या राहत नाहीत. मग तो हिशेब तिथे लागू पडेल का?

थांबरेषा (प्रतिसाद)

तो जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्याकडे वाहने मार्गिका पाळत नाहीत, ती मिळेल ती रुंदी भरून काढतात. म्हणून भारतीय मानकांत चौकाची क्षमता मार्गिकांच्या संख्येवरून न काढता रस्त्याच्या रुंदीच्या मीटरवरून काढण्याची पद्धत आहे. लाल दिव्यात दुचाकी मोटारींच्या फटींतून पुढे येऊन थांबरेषेवर गोळा होतात आणि हिरवा लागताच पहिल्या काही सेकंदांत एकदम सुटतात. थांबरेषेपाशी दोन मीटर रुंदी कमी केली तर त्याचा पहिला फटका या पुढच्या घोळक्याला बसतो. त्यामुळे पुण्यात चौकाजवळची रुंदी जपणे लंडनपेक्षाही अधिक गरजेचे आहे. मधल्या पट्ट्यात मात्र परिस्थिती उलट आहे. तिथली डावीकडची दोनतीन मीटर जागा बहुतेक ठिकाणी उभ्या रिक्षा, हातगाड्या आणि दुकानापुढे लावलेल्या दुचाकींनी व्यापलेलीच असते, श्प्रेकाठी यांनी वर्णन केलेल्या रस्त्यासारखी. ती सायकलींना दिल्याने चालू वाहतुकीची जागा फारशी कमी होत नाही, परंतु तिथे थांबणाऱ्यांची सोय आधी करावी लागते, नाहीतर जयंतरावांची प्रदक्षिणा कोथरूडच्या गल्ल्यांत सुरू होईल.

नीलाक्षीताई, आपल्या भावाला माझा सल्ला असा आहे की खांब बसण्यापूर्वीच मोजणी करून ठेवावी, कारण आधीचे आकडे नंतर कितीही पैसे मोजून मिळत नाहीत. कामाच्या दिवशी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास पुरेसा आहे. गाड्यांबरोबर त्यांतली माणसेही मोजावीत: बसमधली ४० माणसे आणि मोटारीतला एकटा चालक यांना एकेक वाहन म्हणून सारखेच धरले, तर रस्ता कोणासाठी चालला आहे हे कळतच नाही. लंडनमध्ये २०१६ मध्ये दोन मोठे कायमस्वरूपी सायकल मार्ग सुरू झाल्यावर तिथल्या वाहतूक संस्थेने अशी मोजणी केली, तेव्हा गर्दीच्या वेळी रस्त्याच्या ३० टक्के जागेतून ४६ टक्के माणसे सायकलवर जात आहेत, असे दिसले. बसला एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत लागणारा वेळ रोज टिपावा, आणि त्याच्या सरासरीइतकेच लक्ष सर्वांत वाईट दिवसाकडे द्यावे. ज्याला वेळेवर पोहोचायचे असते, तो घरातून निघताना त्या वाईट दिवसाचाच अंदाज धरून निघतो.

नीलाक्षी_हॅमरस्मिथ (प्रतिसाद)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सगळे प्रतिसाद मी भावाला वाचून दाखवले. बसथांब्याच्या हिशेबावर तो बराच वेळ थांबला, कारण त्यांच्या रस्त्यावर एका किलोमीटरच्या आत तीन थांबे आहेत आणि त्यांतला एक चौकापासून चाळीस पावलांवर आहे. मार्गिकेला विरोध करणारे त्याच्या इमारतीतले एक काका निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी स्वतःहून मोजणीला येण्याची तयारी दाखवली आहे, आणि आपला आकडा आपणच लिहिणार अशी त्यांची अट आहे, ती सर्वांनी मान्य केली. पुढच्या मंगळवारी सकाळी साडेआठ ते साडेनऊ या वेळात ते दोघे चौकात उभे राहतील, आणि भावाची बायको मागच्या गल्लीच्या तोंडाशी थांबेल.

बेळंदूरकर, एक विनंती आहे. तुमच्याकडे दोन खांबांमधले अंतर किती होते आणि स्कूटर पहिल्यांदा कोणत्या फटीतून शिरल्या, हे आठवत असेल तर जरूर लिहा. पुण्यात खांबांच्या जागा अजून कागदावरच आहेत.